आठवणींची वही : शाळा बदलताना मुलासोबत काय जाते?

दिल्लीतील शैक्षणिक वर्ष मार्चअखेर संपते आणि १ एप्रिलपासून नवे सत्र सुरू होते. बहुतेक मुलांच्या दृष्टीने हा काळ निकालाचा आणि नव्या पुस्तकांचा असतो. दिल्ली महानगरपालिकेच्या शाळेतून पाचवी उत्तीर्ण होणाऱ्या मुलासाठी मात्र तो स्थलांतराचा काळ ठरतो. महानगरपालिकेकडे प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी आहे आणि तिच्या शाळा पाचवीपर्यंत चालतात. सहावीपासून हेच मूल दिल्ली सरकारच्या शिक्षण संचालनालयाच्या शाळेत जाते. पहिलीपासून बारावीपर्यंतचे वर्ग असलेल्या सर्वोदय विद्यालयांतील मुलांना हा बदल सोसावा लागत नाही. इतरांच्या बाबतीत इमारत, शिक्षक, वर्गमित्र आणि प्रशासन हे सारे एकाच वेळी बदलते.

बोलू-लिहू शकणारे मूल नव्या वर्गात दोन-चार दिवसांत आपली ओळख करून देते. बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला ते साधेलच असे नाही. समजा, पाचवीतील एखादा मुलगा तहान लागली की दोनदा टाळी वाजवतो. मधल्या सुट्टीच्या घंटेने तो दचकतो, पण घंटेची वेळ आधी सांगितली तर शांत राहतो. त्याला मेट्रोची अतोनात आवड आहे आणि स्थानकांची चित्रे दाखवली तर तो त्यांचा क्रम लावतो. या गोष्टी त्याच्या शिक्षिकेला समजून घ्यायला तीन वर्षे लागली. एप्रिलमध्ये नव्या शाळेत त्या कोण सांगणार? या प्रश्नाचे एक साधे, अल्पखर्चाचे उत्तर म्हणजे वर्षाच्या अखेरीस मुलासोबत तयार केलेली आठवणींची वही होय.

कागदपत्रे काय सांगतात, काय सांगत नाहीत

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या कलम ५ मध्ये नेमक्या याच परिस्थितीचा विचार केलेला आहे. ज्या शाळेत प्राथमिक शिक्षण, म्हणजे पहिली ते आठवी, पूर्ण करण्याची सोय नाही, त्या शाळेतील बालकाला दुसऱ्या शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला तत्काळ द्यावयाचा असतो; त्यास विलंब झाला तरी प्रवेश नाकारता येत नाही आणि विलंब करणारे मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतात. कायद्याने मुलाचा प्रवेश अशा रीतीने सुरक्षित केला आहे. मात्र दाखल्यावर नाव, जन्मतारीख, इयत्ता अशा नोंदी असतात. त्यांवरून मूल कोणत्या वर्गात बसवायचे ते कळते, त्याच्याशी संवाद कसा साधायचा ते कळत नाही.

दुसरा कागद दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा. केंद्र सरकारच्या विशिष्ट दिव्यांगत्व ओळखपत्र योजनेमुळे हे ओळखपत्र देशभर ग्राह्य आहे. नोएडातून फरिदाबादला किंवा दिल्लीतून गुरुग्रामला, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, सतत स्थलांतर करणाऱ्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील कुटुंबांना त्याचा मोठा आधार वाटतो. परंतु त्यावर दिव्यांगत्वाचा प्रकार व टक्केवारी एवढेच असते. तिसरा कागद वैयक्तिक शिक्षण आराखड्याचा. तो या तिन्हींत सर्वांत उपयुक्त आहे; त्यात मुलाची सद्यस्थिती, वार्षिक उद्दिष्टे आणि ती गाठण्याचे मार्ग नमूद असतात. तरीही त्याची भाषा तज्ज्ञांची असते आणि त्याचा रोख बहुधा जे येत नाही त्यावर असतो. मुलाने हा आराखडा कधी वाचलेला नसतो, त्याला तो दाखवलेलाही नसतो.

या तिन्ही कागदांवर मुलाविषयी दुसऱ्याने लिहिलेले असते. आठवणींच्या वहीचे वेगळेपण येथे आहे. ती मुलाची असते, त्याच्या सहभागाने बनते आणि त्याच्या हातातून पुढच्या शिक्षकाच्या हातात जाते. स्कॉटलंडमध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी सॅली मिलर यांनी ‘संवाद पारपत्र’ ही कल्पना विकसित केली. बोलू न शकणाऱ्या मुलाच्या सवयी, संकेत व आवडीनिवडी प्रथमपुरुषी वाक्यांत मांडणारी ती छोटी पुस्तिका असते. आठवणींची वही ही तिची जवळची नातलग म्हणता येईल. फरक इतकाच की पारपत्रात मूल कसे आहे ते येते, तर वहीत त्याचे वर्ष कसे गेले तेही येते.

धोरणाची चौकट

दिल्लीला विशेष शिक्षणाची मोठी परंपरा आहे. उत्तर भारतातील स्पॅस्टिक्स सोसायटीचे, म्हणजे आजच्या ‘आदी’ संस्थेचे, काम १९७८ मध्ये सुरू झाले. डॉ. उमा तुली यांनी १९८१ मध्ये अमर ज्योती संस्था स्थापन केली व दिव्यांग आणि इतर मुले समान संख्येने एकत्र शिकतील अशी शाळा उभी केली. स्वमग्नतेच्या क्षेत्रात ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ १९९१ पासून कार्यरत आहे. ही कामे सुरू झाली तेव्हा देशात दिव्यांगांच्या हक्कांचा सर्वंकष कायदा नव्हता. केंद्र सरकारची एकात्मिक शिक्षण योजना १९७४ ची. पुनर्वास परिषदेचा अधिनियम १९९२ चा, समान संधीचा अधिनियम १९९५ चा आणि राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ चा. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारास भारताने २००७ मध्ये अनुसमर्थन दिले. त्यास अनुसरून आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. या अधिनियमाच्या कलम ३१ नुसार लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के, दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील प्रत्येक बालकाला आपल्या पसंतीच्या जवळच्या अथवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

परीक्षार्थींनी या अधिनियमाचे कलम १६ विशेष लक्षपूर्वक पाहावे. शिक्षणसंस्थांच्या कर्तव्यांत प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग, त्याची प्रगती आणि शिक्षणाची पूर्तता यांवर देखरेख ठेवणे समाविष्ट आहे. प्रगती गुणांत मोजता येते. सहभाग कसा नोंदवायचा? वर्षभर वर्गात बसलेले मूल सहलीला गेले होते का, मैदानावर होते का, वाढदिवसाला त्याला कोणी बोलावले का, हे गुणपत्रकात कुठेच उमटत नाही. वही चाळताना मात्र ते चटकन ध्यानात येते. वर्षभराच्या छायाचित्रांत एखादे मूल प्रत्येक ठिकाणी केवळ मदतनीस बाईंच्या शेजारी दिसत असेल, तर समावेशक शिक्षणाच्या त्या शाळेतील प्रत्यक्ष स्थितीविषयी त्याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रगतिपुस्तक सर्वांगीण असावे आणि त्यात शिक्षकाच्या मूल्यमापनासोबत विद्यार्थ्याचे स्वयंमूल्यमापन व सहाध्यायींचे मूल्यमापन यावे असे सुचविले आहे. लिहिता न येणाऱ्या मुलाने स्वतःचे मूल्यमापन कसे करावे, याचे एक व्यवहार्य उत्तर या वहीतून मिळते. दोन छायाचित्रांपैकी कोणते वहीत लावायचे हे मुलाने बोटाने वा नजरेने दाखविणे हेही स्वयंमूल्यमापनच आहे.

वही घडते कशी

वर्षअखेरची वही मार्चमध्ये सुरू केली तर ती बहुधा फसते. आठ-नऊ महिन्यांपूर्वीचा प्रसंग आठवणे हे अमूर्ताचे काम आहे, आणि ज्यांना अमूर्त कल्पना अवघड जाते त्यांच्याकडूनच त्याची अपेक्षा ठेवली जाते. म्हणून जाणते विशेष शिक्षक एप्रिलपासून प्रत्येक मुलाच्या नावाचा खोका किंवा मोठे पाकीट ठेवतात. त्यात महिन्याला दोन-तीन वस्तू पडतात : सहलीचे तिकीट, कागदी पतंग, पावसाळ्यात कुंडीत लावलेल्या रोपाचे वाळलेले पान, राखीचा धागा, फेब्रुवारी-मार्चमध्ये दिल्लीच्या रस्त्यांवर पडणारी सावरीची लाल फुले. फेब्रुवारीत खोका उघडला की आठवण काढावी लागत नाही, ती हातात येते.

मुलांच्या आत्मचरित्रात्मक स्मृतीविषयी एलेन रीस व रॉबिन फायवुश या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात केलेले संशोधन येथे मार्गदर्शक ठरते. घडून गेलेल्या प्रसंगाविषयी मोठी माणसे मुलाशी कसे बोलतात, यावर त्याची आठवण किती समृद्ध होते हे बऱ्याच अंशी अवलंबून असते, असे त्यांना आढळले. ‘आपण कुठे गेलो होतो? सांग बरे,’ असे परीक्षा घेतल्यासारखे तेच तेच विचारणे फारसे उपयोगी पडत नाही. ‘त्या दिवशी आपण छोट्या गाडीत बसलो होतो, शिट्टी वाजली, मग तू काय केलेस?’ असे प्रसंग खुलवत नेणारे बोलणे अधिक फलदायी ठरते. चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातील छोट्या गाडीची सहल झाली असेल, तर वहीतील ते पान बनविण्यात पाऊण तास गेला तरी हरकत नाही. त्या पाऊण तासात भाषाशिक्षणाचा जो तास होतो तो वेळापत्रकात कुठे लिहिलेला नसतो.

वहीचा आकार मुलाच्या गरजेनुसार ठरतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची बोटे पातळ कागद उलटू शकत नाहीत. त्याच्यासाठी पाने पुठ्ठ्याची करावी लागतात आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला स्पंजचा तुकडा चिकटवावा लागतो, म्हणजे दोन पानांत फट राहते व मुठीनेही पान उलटते. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना एका पानावर एकच चित्र, मागे कोरी जागा आणि सगळ्या पानांवर सारखीच मांडणी सोयीची वाटते. झगमगीत टिकल्या व वेलबुट्ट्यांनी पान सुशोभित करण्याचा मोह शिक्षकांनी येथे आवरलेलाच बरा. कर्णबधिर मुलाच्या वहीत शब्दासोबत खुणेचे चित्र हवे. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना २०१५ मध्ये झाली आणि त्याच्या शब्दकोशाने २०२१ पर्यंत १०,००० शब्दांचा टप्पा गाठला; प्रमाण खूण पडताळून पाहण्यासाठी तो उपलब्ध आहे. घरात रूढ असलेली मुलाची स्वतःची खूण निराळी असेल तर तीही शेजारी असावी, कारण नव्या शिक्षकाला पहिल्या दिवशी तीच लागणार आहे.

अंध मुलाच्या वहीचा विचार मुळापासून वेगळा करावा लागतो. छायाचित्राखाली ब्रेल मजकूर चिकटवला म्हणजे वही सुगम झाली असे होत नाही. त्या मुलासाठी तेथे छायाचित्र नसतेच. त्याच्या पानावर मेट्रोतील धातूच्या खांबाची आठवण देणारा गुळगुळीत पत्र्याचा तुकडा, बागेतील काटकी, शेजारच्या मैत्रिणीच्या ओढणीच्या कापडाचा चौकोन असे काही असावे आणि ब्रेल पाटीवर स्टायलसने टोचलेली ओळ त्याने स्वतः लिहिलेली असावी. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ मध्ये ‘अनुभव’ हे स्पर्शदालन सुरू झाले, ज्यात प्राचीन वस्तूंच्या प्रतिकृती हाताळण्यासाठी ठेवण्यात आल्या. काचेआडच्या वस्तूचे वर्णन ऐकणे आणि वस्तू हातात घेणे यांतला जो फरक या दालनाने दाखवून दिला, तोच वहीलाही लागू पडतो.

दृष्टी असलेली आणि नसलेली मुले एकच पुस्तक कसे वाचू शकतात याचा उत्तम नमुना राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने दिला आहे. पहिली-दुसरीसाठीच्या ‘बरखा’ या ४० पुस्तिकांच्या वाचनमालेची तिने समावेशक आवृत्ती काढली. त्यात छापील मजकूर व ब्रेल एकत्र आहेत, चित्रे स्पर्शाने कळतात आणि तीच पुस्तके डिजिटल रूपातही उपलब्ध आहेत. अध्ययनाच्या सार्वत्रिक रचनेचे हे तत्त्व वर्गातील वहीत आणायला मोठा निधी लागत नाही. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक बालकामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद असून, मुलींना दरमहा २०० रुपये विद्यावेतन १० महिने दिले जाते. पुठ्ठा, डिंक, जाड दोरा आणि काही छायाचित्रांच्या प्रती यांचा खर्च या मानाने किरकोळ आहे. खरी टंचाई आहे ती वेळेची.

वेळ कोणाकडे आहे

दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रत्येक शाळेत किमान दोन विशेष शिक्षक असावेत असा निर्देश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष शिक्षक व दिव्यांग विद्यार्थी यांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर १:१० आणि उच्च प्राथमिक व माध्यमिक स्तरांवर १:१५ असे ठरविण्यास सांगितले. मार्च २०२५ मध्ये पुन्हा राज्यांना पदसंख्या अधिसूचित करण्याचे आदेश द्यावे लागले, यावरून अंमलबजावणीची गती कळते. जेथे एकच फिरता शिक्षक अनेक शाळांत जातो, तेथे मुलाला ओळखणारी व्यक्ती आठवड्यातून एकदा भेटते. कंत्राटी नेमणुकीमुळे ती पुढच्या वर्षी असेलच असेही नाही. म्हणजे मूल शाळा बदलत नसले तरी शिक्षक बदलतात आणि ओळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. एका अर्थाने शिक्षकांची कमतरता जितकी अधिक तितकी वहीची गरज अधिक, आणि ती करायला हात मात्र तितके कमी.

यावर एक तोड आहे, ती म्हणजे वर्गातील इतर मुले. पान चिकटवायला, नाव लिहायला, ‘या दिवशी तू पडला होतास आणि आपण दोघे हसलो होतो’ हे सांगायला सहाध्यायी शिक्षकांपेक्षा कधीकधी सरस ठरतात. सहाध्यायींच्या मूल्यमापनाची जी अपेक्षा धोरणाने केली आहे ती येथे कोणताही तक्ता न भरता पूर्ण होते. तीव्र दिव्यांगत्वामुळे घरीच शिक्षण घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर वही हा वर्गाशी असलेला मोजक्या दुव्यांपैकी एक होऊ शकतो. वर्गातील मुले दोन पाने करून पाठवतात, घरून दोन पाने परत येतात.

एक धोका मात्र नोंदवायला हवा. वर्षअखेरीस पालकांसमोर मांडायच्या वह्या सुबक दिसाव्यात म्हणून मुलाचे काम मोठ्यांनीच उरकण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. पंचवीस वह्या, पंचवीस सारखी मुखपृष्ठे आणि प्रत्येकीत सारखेच ‘मला शाळा फार आवडते’ हे वाक्य, अशा वहीचा पुढच्या शिक्षकाला काडीचाही उपयोग होत नाही. मुलाला शाळा आवडत नसेल तर तेही वहीत आले पाहिजे. नोव्हेंबरमध्ये प्रदूषणामुळे दिल्लीतील शाळांचे वर्ग बंद ठेवावे लागतात तेव्हा दिनक्रम मोडल्यामुळे अनेक स्वमग्न मुले कासावीस होतात. ते दिवस वहीतून गाळणे म्हणजे पुढच्या नोव्हेंबरसाठी नव्या शिक्षकाला अंधारात ठेवणे होय. घरातील मृत्यू, रुग्णालयातील मुक्काम यांसारखे प्रसंग घ्यावेत की नाही हे पालकांशी बोलून ठरवावे; पण वाईट ते सगळे वगळायचे असा नियम करू नये.

वहीची भाषा हाही दिल्लीत दुर्लक्षिण्याजोगा प्रश्न नाही. राजधानीत बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबातील मूल शाळेत हिंदी ऐकते आणि घरी मराठी. त्याच्या मोजक्या शब्दांपैकी ‘आजी’ हा एक असेल आणि वहीत छायाचित्राखाली ‘दादी’ लिहिले असेल, तर ते पान त्याचे राहत नाही. मूल जो शब्द उच्चारते तोच लिहावा आणि शेजारी शिक्षकांसाठी अर्थ द्यावा.

छायाचित्रे आणि संमती

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील बालकाच्या विदेवर प्रक्रिया करण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक आहे. कायदेशीर पालक असलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या बाबतीतही अशीच तरतूद आहे. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होण्याची व्यवस्था त्यांत आहे. हा कायदा डिजिटल स्वरूपातील विदेला लागू असल्याने कागदाची वही त्याच्या कक्षेत येत नाही, परंतु तीसाठी भ्रमणध्वनीवर काढलेली छायाचित्रे निराळी गोष्ट आहे. ती पालकांच्या समूहात सहज पाठवली जातात आणि एका छायाचित्रात चार मुले असतात. त्यामुळे प्रत्येकाच्या पालकांची लेखी परवानगी सत्राच्या आरंभीच घेणे आणि छपाई झाल्यावर मूळ प्रती काढून टाकणे हा सुरक्षित मार्ग आहे. मुलाची संमती कायद्याने मागितलेली नसली तरी विचारावी. स्वतःचे छायाचित्र दूर सारणारे मूल काही तरी सांगत असते.

महाराष्ट्रातील संदर्भ

मुलाची ओळख शाळेच्या सीमेवर हरवते ही अडचण केवळ राजधानीची नाही. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथी, पाचवी किंवा सातवीपर्यंत आहेत आणि पुढे मूल खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत जाते. विशेष शाळेतून सर्वसाधारण शाळेत जाणाऱ्या मुलाला तर खातेच ओलांडावे लागते. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला आणि विशेष शाळांचा कारभार त्याच्याकडे आहे. सर्वसाधारण शाळा मात्र शालेय शिक्षण विभागाकडे आहेत. केंद्रातही दिव्यांगजन सक्षमीकरण विभाग सामाजिक न्याय मंत्रालयात आणि शालेय शिक्षण शिक्षण मंत्रालयात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के दिव्यांग व्यक्ती होत्या व त्यांपैकी सुमारे २.३५ लाख दिल्लीत होत्या. त्यांतील शाळकरी मुलांच्या नोंदी या विभागांतून त्या विभागांत कशा जातात, हा प्रशासनाच्या अभ्यासकांनी हाताळावा असा विषय आहे.

प्रत्यक्षात वहीच्या दोन प्रती कराव्यात. मूळ प्रत मुलाची. ती घरी राहते आणि हाताळून फाटली तरी चालते. दुसरी प्रत नव्या शाळेतील वर्गशिक्षकांकडे प्रवेशाच्या वेळीच द्यावी, दाखल्यासोबत. जुन्या आणि नव्या शिक्षिकेची अर्ध्या तासाची भेट घडवून आणता आली आणि मुलाने स्वतः पाने उलटून दाखविली, तर उत्तम. शेवटची दोन-तीन पाने कोरी सोडावीत. नव्या वर्गातील पहिले छायाचित्र तेथे एप्रिलमध्ये लागते.